विद्वानाची घरची पत्रे आणि कामाची पत्रे: वेगळी करावीत का?

अमळनेर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा खानदेशातील एका इंग्रजी शाळेत संस्कृतचे शिक्षक होते. फावल्या वेळात ते पोथ्या व शिलालेखांचे ठसे जमवीत आणि पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. जुने घर उतरवताना माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. तीत अंदाजे १९०० ते १९२५ या काळातली पत्रे आहेत, काही मोडीत, बरीचशी बाळबोधीत, थोडी इंग्रजीत. निम्म्याहून अधिक घरगुती दिसतात. कुटुंबाचा विचार असा की विद्याविषयक पत्रे निवडून एखाद्या संस्थेला द्यावीत आणि घरची पत्रे भावंडांनी वाटून घ्यावीत किंवा निकालात काढावीत. हे योग्य होईल का, आणि वाचनाला सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: ही निवड करू नका. घरची म्हणून जी पत्रे आपण बाजूला काढाल, ती गेल्यावर उरलेल्या पत्रांतला बराच मजकूर कोणालाच उलगडणार नाही. धुळे-जळगावकडील अनेक घरांची दप्तरे हाताळल्यानंतर हे माझे ठाम मत झाले आहे.

त्या काळच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या अभ्यासकाला ना कचेरी होती ना लेखनिक. शाळा सुटल्यावर तो ओसरीवर बसून लिही आणि टपालही त्याच ओसरीवर येई. पुण्याहून आलेले कार्ड, सासुरवाडीचे पाकीट, पुस्तकाच्या व्ही. पी.ची (पैसे भरून सोडवायच्या टपालाची) पावती आणि शेतसाऱ्याची पावती ही सगळी एकाच तारेत ओवली जात. पैसाही एकाच पगारातला होता. त्यामुळे ‘वर्गणी पुढील महिन्यात रवाना करतो’ असा संस्थेला लिहिलेला मसुदा सापडला, तर त्याचे कारण बहुधा त्याच आठवड्यात गावाकडून भावाने लिहिलेल्या पत्रात असते: कपाशीचा भाव उतरला आहे, साऱ्याचा हप्ता तोंडावर आहे, आपल्याकडून काही रक्कम आल्यास बरे होईल. ही दोन पत्रे दोन वेगळ्या ढिगांत गेली की एका अभ्यासकाने वर्गणी थकवली एवढेच इतिहासात उरते.

तारेचा उल्लेख केला, त्यावर थोडे थांबतो, कारण आपल्या ट्रंकेत ती असण्याचा संभव मोठा आहे. खाली लाकडी चकती, वर वळवलेले टोक, आणि आलेले प्रत्येक पत्र वाचून, उत्तर देऊन त्यात खुपसायचे, अशी ही सोय असे. अशा पत्रांच्या मधोमध गंजाचा तांबूस कडा असलेले भोक दिसते. तार अजून शाबूत असेल, तर ती आपल्या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू समजा. सर्वांत खालचे पत्र सर्वांत जुने आणि वरचे सर्वांत अलीकडचे, म्हणजे ज्या पत्रावर तारीखच नाही त्याची तारीख वरच्या आणि खालच्या पत्रांमध्ये बंदिस्त झालेली असते. पत्रे ओढून काढू नका. वरून एकेक सैल करावे, निघाले की लगेच मागच्या कोऱ्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने अनुक्रमांक घालावा, आणि गंजाने चिकटली असतील तेथे पक्कडीने तार दोन गठ्ठ्यांमध्ये तोडावी. तार वाचवण्यासाठी कागद फाडण्यात काही हशील नाही. तार गेली असेल आणि केवळ भोके उरली असतील, तरी भोकांची जागा आणि गंजाची खूण जुळवून कोणती पत्रे एकमेकांना लागून होती हे पुष्कळदा ठरवता येते. रुमालात किंवा पुडक्यांत बांधलेली पत्रे असतील, तर पुडके सोडण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या आणि एका पुडक्यातली पत्रे दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

आता एक कार्ड नमुन्यादाखल सांगतो, नावे गाळून. एडवर्ड बादशहाचा मुखवटा छापलेले पैशाचे कार्ड, धाकट्या भावाने चाळीसगावाहून थोरल्याला लिहिलेले. वर मध्यभागी ‘श्री’, मग ‘तीर्थरूप दादांचे सेवेसी, कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.’ असा नेहमीचा मायना. पुढच्या चार ओळी आईच्या दम्याच्या, दोन ओळी बैलजोडीच्या किमतीच्या. मग परिच्छेदही न बदलता तो लिहितो की पाटण्याच्या लेखाचा ठसा पावसामुळे घेता आला नाही, नेलेले कागद भिजले, तरी पोळा झाल्यावर पुन्हा जाईन. आणि समासात, कार्ड उलटे धरून, वेगळ्या हाताने वहिनीला निरोप: शेवया पाठविल्या आहेत, पोहोच कळवावी.

चाळीसगावाजवळच्या पाटण्याच्या देवळातला हा लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्या मठाला दिलेल्या देणग्यांची त्यात नोंद आहे आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याच टापूत वाघळीचा शके ९९१ चा आणि बहाळचा शके ११४४ चा लेख आहे. हे लेख १९०० पूर्वीच छापून झाले होते, पण छापील वाचनातील एखादे अक्षर पडताळावे, नवा ठसा घ्यावा, ही धडपड स्थानिक अभ्यासकच करू शकत, कारण त्यांना तेथे भाऊबंदांच्या घरी उतरता येई. असे हे कार्ड आपण कोणत्या ढिगात ठेवणार? शिलालेखांच्या अभ्यासकाला पोळ्याआधी ठसा मिळाला नव्हता हे हवे आहे, आणि तो कोणी घेतला हे घरच्या नात्यावाचून कळत नाही.

नात्यांचा हा उपयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. घरच्या पत्रांत माणसे नाना, तात्या, अण्णा, बापू असतात, आणि विद्याविषयक पत्रांत तीच माणसे ‘रा. रा.’ लावून आडनावाने येतात. ‘तात्यांनी पोथी परत केली नाही’ ही घरच्या पत्रातली कुरकुर आणि ‘आपणाकडील पोथीची नक्कल पूर्ण होताच पाठवू’ हे पुण्याचे विनयशील पत्र ही एकाच पोथीबद्दलची आहेत हे समजायला तात्या कोण ते ठाऊक हवे. म्हणून वाचताना एका वहीत टोपणनावे, नाते, गाव आणि खरे नाव अशी यादी वाढवत न्या. स्त्रियांची नावे यात सर्वांत अवघड जातात. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि पत्रांत बहुधा केवळ ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ एवढाच उल्लेख. त्यांची पत्रे पुष्कळदा शाळकरी मुलाच्या हातची असतात, आई सांगते आणि मुलगा लिहितो. अशा पत्रांत अधूनमधून घरची अहिराणी डोकावते. ती अशुद्ध समजून नकलेत दुरुस्त करू नका.

मोठ्या नावांकडे पाहिले तरी हेच दिसते. गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ सरकार या दोन इतिहासकारांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सुमारे पन्नास वर्षे चालला. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे हा त्याचा मुख्य विषय, पण सरदेसायांचा मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकून पुढे जर्मनीला गेला आणि तेथेच तरुणपणी वारला, हे ज्याला ठाऊक नाही त्याला बापाच्या पुढच्या काळातील कामाचा वेग आणि एकाकीपण समजणार नाही. त्या दोघांनी एकमेकांची पत्रे जपली, म्हणून संवाद दोन्ही बाजूंनी वाचता येतो. आपल्या ट्रंकेत मात्र एकच बाजू असेल, आलेली पत्रे. गेलेली पत्रे ज्याला लिहिली त्याच्या दप्तरात शोधावी लागतात. आलेल्या पत्रावर ‘उ. दिले’ अशी तारखेसह टीप आहे का, पाठीवर उत्तराचा कच्चा मसुदा आहे का, हे नीट पाहा. काटकसरीपायी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पोथीतील पाठभेद उतरवलेले मी पाहिले आहेत. पत्रिका घरगुती म्हणून टाकली की पाठभेदही गेले.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण उलट्या बाजूने बोलके आहे. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, आयुष्यभर गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. स्वतःचे घर नसलेल्या या माणसाला ज्या कुटुंबांनी उतरायला जागा दिली, जेवू घातले आणि माळ्यावरची दप्तरे उघडून दिली, त्यांच्या घरगुती पत्रांत राजवाड्यांच्या खुणा सापडतात. अमुक दिवशी राजवाडे आले होते, कागदांचे दोन रुमाल घेऊन गेले, एवढी एक ओळ भाचीच्या बारशाच्या वर्णनात दडलेली असू शकते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेमार्फत समर्थ संप्रदायाचे जे हस्तलिखित धन जमवले, तेही ज्यांच्या घरी बाडे पडून होती त्यांच्याशी ओळख वाढवूनच. आपल्या पणजोबांच्या घरगुती पत्रांत या दोन नावांपैकी एखादे निघाले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

कालनिर्णयाबद्दल थोडे तपशीलवार सांगतो, कारण चुका येथेच होतात. शक दिला असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. ‘माघ वद्य ५, शके १८३२’ म्हणजे फेब्रुवारी १९११; १९१० लिहिलेत की सगळी साखळी एक वर्ष मागे सरकते. साऱ्याच्या पावतीवर फसली म्हणजे महसुली साल असते, तेथे ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनाच्या जूनमध्ये सुरू झाले तो सन मिळतो. खानदेशात आणखी एक अडचण आहे. येथले सावकार आणि व्यापारी गुजराती किंवा मारवाडी, आणि विद्येला आश्रय देणाऱ्यांतही ते होते. त्यांची पत्रे विक्रम संवताची असतात. गुजराती महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, पण मारवाडी पत्रातला ‘फागण वदी’ हा आपला माघ वद्य असतो. शेटजींच्या देणगीचे पत्र आणि त्याची पोच यांत महिन्याचा फरक दिसला, तर आधी ही शंका घ्या.

टपालाचा कागदही साक्ष देतो. कार्ड एक पैशाचे आणि पाकीट अर्ध्या आण्याचे हा दर १९२२ पर्यंतचा. त्या वर्षी कार्ड दोन पैशांचे आणि पाकीट एक आण्याचे झाले. एडवर्डचा मुखवटा असेल तर पत्र १९०२ च्या आधीचे नाही, पंचम जॉर्ज असेल तर १९११ च्या आधीचे नाही. जुनी कार्डे लोक पुढेही वापरीत, त्यामुळे यावरून अलीकडची मर्यादा ठरवू नये. पत्त्यात नुसते ‘जि. खानदेश’ आहे की ‘पूर्व खानदेश’ वा ‘पश्चिम खानदेश’, हेही पाहा. १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग होऊन जळगाव आणि धुळे ही दोन ठाणी झाली. पत्त्यात पूर्व किंवा पश्चिम असले की पत्र त्यानंतरचे, इतके खात्रीने म्हणता येते. उलट अनुमान करता येत नाही, कारण जुनी सवय सुटायला वेळ लागतो. पाकिटावर पाठवण्याचा आणि पोहोचल्याचा असे दोन शिक्के असतील तर दोन्ही टिपा, आणि म्हणून पाकिटे कधीही फेकू नका.

मोडीची धास्ती घेऊ नका. त्या लिपीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि ओळीची रेघ आधीच मारून ठेवतात, म्हणून पान प्रथम एकसंध भिंत वाटते. पण कौटुंबिक पत्राचा मायना आणि शेवट ठरलेला असतो. ‘चिरंजीव’, ‘अनेक आशीर्वाद’, ‘येथील क्षेम’, ‘कळावे’, ‘लोभ असावा ही विनंती’ हे शब्द कोठे येणार हे आधीच माहीत असल्याने त्यावरून त्या हाताची वळणे ओळखता येतात. मग त्याच हाताचे पोथ्यांविषयीचे पत्र वाचायला घ्यावे. विद्याविषयक पत्रांपासून आरंभ करणारे बहुतेक जण पहिल्याच पानावर थकतात. नक्कल करताना ‘नाहीं’, ‘करितां’ यांवरचे अनुस्वार जसेच्या तसे ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखनाचे नियम त्या कागदाला लावू नका.

पत्रे नसणे हीसुद्धा माहिती आहे. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाल्यानंतर धरपकड आणि झडत्या सुरू झाल्या, आणि अनेक घरांत पत्रे चुलीत गेली. शाळामास्तर सरकारी नोकरीत असेल तर अधिकच. आपल्या तारेत १९०९-१० चा काळ पातळ दिसला आणि त्या भोवतीच्या पत्रांत ‘वाचून फाडून टाकावे’ अशी सूचना असली, तर पणजोबांचे संशोधन थंडावले असा निष्कर्ष लगेच काढू नका. १९१८ च्या शरद ऋतूतल्या इन्फ्लुएंझाचे तसेच. त्या महिन्यांत विद्याविषयक पत्रे थांबतात आणि कोपरा फाडलेली कार्डे येऊ लागतात. कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मृत्यूची वार्ता, ते घरात न नेता बाहेरच वाचत. फाटका कोपरा पाहून ते खराब झालेले समजून टाकून देणारे लोक मला भेटले आहेत. प्लेगच्या साथीत ‘गावाबाहेर झोपडी घालून राहिलो आहोत, पुस्तके घरातच आहेत’ अशी वाक्ये येतात. एखादा लेख का रखडला याचे याहून चांगले स्पष्टीकरण कोणत्याही छापील वृत्तांतात मिळणार नाही.

हाताळणीविषयी थोडक्यात. आपल्याकडच्या वैशाख-ज्येष्ठातल्या कोरड्या उष्म्यात जुना कागद पापडासारखा मोडतो, म्हणून घड्या उलगडण्याचे काम तेव्हा करू नका. पावसाची झड ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात करा. बोरूने लिहिलेली काजळाची शाई फिकी पडत नाही पण पाण्याने धुऊन जाते, आणि जांभळ्या पेन्सिलीचे लिखाण ओल्या बोटानेसुद्धा पसरते, म्हणून ओले फडके जवळही आणू नये. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि डांबरगोळ्या तिन्ही वर्ज्य. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचा रुमाल आणि त्यात वेखंडाची पुरचुंडी पुरते. छायाचित्रे खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंची घ्या.

शेवटी संस्थेला देण्याविषयी. धुळ्याचे राजवाडे मंडळ किंवा पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी विचारणा करताना संपूर्ण संग्रहच द्यायचा आहे असे सांगा आणि आपली क्रमवार यादी सोबत जोडा. कागद आपल्या मालकीचा असला तरी पत्रातील मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याच्या वारसांचा असतो, हे छापण्याआधी ध्यानात घ्यावे. कर्ज, आजार, भाऊबंदकी, एखाद्या विधवा आत्याची परवड असा मजकूर असलेली पत्रे उघड करण्याचा संकोच मला समजतो. त्यांसाठी ती पत्रे वेगळ्या पाकिटात, पण मूळ अनुक्रमांकासह, अमुक वर्षांपर्यंत वाचकांना देऊ नयेत अशी लेखी अट घालता येते, आणि देणगीच्या कागदावरच ती नमूद करून घ्यावी. भावंडांना वाटून द्यायच्या असतील त्या छायाचित्रांच्या प्रती. त्या प्रत्येकाला सगळ्याच द्या, आपापल्या शाखेपुरत्या निवडून नकोत, कारण कोणाच्या आजीचा उल्लेख कोणाच्या पत्रात निघेल हे यादी पूर्ण होईपर्यंत आपल्यालाही सांगता येणार नाही.